रिसबुडांचं लॉगबुक

चक्का पुरणयंत्रातून फिरवता फिरवता शोभाताईंनी मनातल्या मनात घरातल्या प्रत्येकाला एकेक ठेवून दिली. नवऱ्याला एक, मुलाला एक, सुनेला अर्धी. सुनेला अर्धी एवढ्याचसाठी, की वेलदोडे तिनं सोलून ठेवले होते.

आठ दिवस घरात कुजबूज चालली होती. त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या की हॉलमधलं बोलणं बंद. गॅलरीत गेल्या की मुलगा निनाद आणि सून चारुता एकदम कुंडीतल्या गवती चहाची चौकशी करायला लागत. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ते तरी किती? खरं तर काय चाललंय ते शोभाताईंना पहिल्याच दिवशी कळलं होतं. दहा वर्षांच्या आभाच्या पोटात तीळ भिजत नसे. "आजी, मम्माला आफ्रिकेला बोलावलंय. स्टेशन हेड म्हणून. पण तू हे ऐकलेलं नाहीस हं," असं तिनं दुधाचा कप हातात असतानाच सांगून टाकलं होतं.

हे घरच विजेवर वाढलेलं. शोभाताईंच्या नवऱ्यानं, प्रभाकर रिसबुडांनी, उदयगिरी पॉवरच्या पनवेलच्या रिसिव्हिंग स्टेशनात एकतीस वर्षं शिफ्ट ऑपरेटर म्हणून काढली. ते लागले तेव्हा कंपनी म्हणजे घाटातली दोन वीजघरं, समुद्राकाठचा एक कोळशाचा प्लांट आणि मुंबईकडे जाणाऱ्या तारा. आता तिनं भूतान, टांझानियापर्यंत हातपाय पसरले होते. टांझानियात डोंगरातल्या एका धरणावर चार मशीनचं जलविद्युत केंद्र तिनं वीस वर्षांसाठी चालवायला घेतलं होतं. चारुता याच कंपनीत इंजिनियर. फेब्रुवारीत सहा आठवडे ती त्या केंद्रावर जाऊन आली आणि आल्यापासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्यात मागच्या आठवड्यात पत्र आलं. तीन वर्षं, केंद्राची प्रमुख म्हणून. कंपनीच्या बाहेरदेशीच्या कामात इतकी मोठी जागा बाईला पहिल्यांदाच मिळत होती.

सगळं कळलं होतं. फक्त कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारणं तर दूरच.

"वयनी, तोरण घ्या!" दारातून हाक आली.

ओवे गावचा बळीराम. प्रभाकररावांच्या स्टेशनातला जुना लाइनमन. आता त्याच्या शेतावर इमारतींचे टॉवर उभे होते आणि मुलगा प्रणित बिल्डरांना खडी पुरवत होता, पण दसऱ्याचं तोरण बळीराम स्वतःच्या हातानं ओवून आणायचा. झेंडू, आंब्याची पानं आणि मध्ये मध्ये भाताच्या लोंब्या.

"लोंब्या इकतच्या नाय हां. बंगल्याच्या मागं दोन गुंठे ठेवलेत अजून. पोरगा म्हनतो लॉन कर. मी म्हनलं, लॉन खातोस काय?"

"जेवूनच जायचं आज," शोभाताई म्हणाल्या. "तेवढाच एक माणूस मोकळं बोलणारा."

हॉलमध्ये पाटावर पूजा मांडली होती. इतर घरांत पाटावर पुस्तकं असतात, फार तर गाडीची किल्ली. रिसबुडांच्या पाटावर जुना टेस्टर, पकड, रबरी हातमोजे आणि निळ्या पुठ्ठ्याची सतरा रजिस्टरं असत. हे प्रभाकररावांचं लॉगबुक. कंट्रोल रूममध्ये दर घटकेची नोंद करायची सवय त्यांनी घरीही आणली होती. पाणी कधी आलं, पाहुणे कधी गेले, आभाचा दात कधी पडला, सगळं वेळेसकट. कंट्रोल रूमचे नियमही घरात सगळ्यांना पाठ झाले होते. पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आला, त्यानं वही वाचली आणि 'चार्ज घेतला' म्हणून सही केली, की मगच खुर्ची सोडायची. त्याआधी नाही, मग बाहेर प्रलय का होईना. दोन हजार पाचच्या पुरात प्रभाकरराव पन्नास तास त्या खुर्चीत होते, कारण रिलीव्हर कळंबोलीला छातीभर पाण्यात अडकला होता. आणि रिलीव्हर उशिरा आला, तर त्यानं उशिराचं कारण स्वतःच्या अक्षरात लिहायचं. पोहोचल्यावर त्या बिचाऱ्यानं लिहिलं होतं: "कारण: पोहता येत नाही."

प्रभाकररावांनी टेस्टरला कुंकू लावलं. चारुतानं हातमोज्यांवर झेंडू ठेवला. सासरे-सुनेची या वेळी नजरानजर व्हायची, एका धंद्यातली माणसं ती. आज दोघंही फुलाकडेच बघत होती.

पानं वाढली तेव्हा एक वाजला होता. पुण्याहून लेक ऋचा सकाळीच आली होती. उरणहून एसटीनं आलेल्या आशालता, म्हणजे प्रभाकररावांच्या थोरल्या बहीण, वय वर्षं शहात्तर, खुर्चीत मांडी घालून बसल्या आणि त्यांनी पहिल्या घासालाच सुतळी बॉम्ब लावला.

"काय ग चारुता, मग जातेस ना आफ्रिकेला?"

शोभाताईंच्या झाऱ्यातली पुरी कढईत परत पडली.

"आत्या, तुला कोणी सांगितलं?" निनाद म्हणाला.

"आभानं, फोनवर. तुम्ही ऐकलेलं नाही असं समजा, म्हणाली."

आभानं अळूवडीत तोंड खुपसलं.

"जा बरं का," आशालता म्हणाल्या. "मी बावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. किलिमांजारो फळ्यावर शंभरदा काढला. बघायला कोणी नेलं नाही."

"आत्या, बोलायला सोपं आहे," ऋचा उसळली. "आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन वीस नोव्हेंबरला आहे. वहिनीला एक डिसेंबरला तिथं हजर व्हायचंय. आईची तारीख दोनदा पुढं गेलीय. एकदा माझ्या घरबदलापायी, एकदा दादाच्या ऑफिसपायी. आता तिसऱ्यांदा?"

"मी घरून काम मागतो ना," निनाद म्हणाला. "आठवड्यातले तीन दिवस मिळतील."

"तू? तुला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत."

"तेही खरंच आहे म्हणा," निनाद पुटपुटला.

चारुतानं नवऱ्याकडे बघितलं. आठ दिवस गॅलरीत गवती चहाच्या साक्षीनं याच माणसानं 'मी आहे ना' म्हटलेलं असणार, हे शोभाताईंनी त्या एका नजरेवरून ओळखलं. लेकाला आणखी एक ठेवून द्यावीशी वाटली.

"बाबा, तुम्ही काहीच बोलत नाही," चारुता म्हणाली. तिचा सगळा भरवसा तिथं होता. लग्न होऊन आली त्या वर्षी तिला स्टेशनातला एकेक ब्रेकर नावानिशी ओळखायला यांनीच शिकवलं होतं.

प्रभाकररावांनी श्रीखंडाची वाटी बाजूला सरकवली. "रिलीव्हर नसेल तर चार्ज सोडता येत नाही, चारुता. एवढंच."

"बाबा..."

"मी बहात्तरचा. शोभाचा गुडघा तसा. कुणाच्या भरवशावर सोडणार? नियम आहे तो."

चारुताचा चेहरा खर्रकन उतरला. मग ती शांतपणे म्हणाली, "बरोबर आहे. नकाराचा मेल मी लिहूनच ठेवलाय. साडेपाचला पाठवते. तिथले तीन वाजतात तेव्हा, आणि तिथल्या ऑफिसला आज तोवर कळवायचंय. तिकडे कुठला आलाय दसरा." तिनं पानातली पुरी घेतली, तिचे दोन तुकडे केले आणि दोन्ही तसेच ठेवून दिले.

"ऐन सीमोल्लंघनाच्या दिवशी नकार!" आशालता कडाडल्या. "प्रभाकर, तू तेव्हाही हेच केलंस. भूतानची ऑर्डर हातात आलेली परत केलीस."

"यांचं काय घेऊन बसलात, वन्सं," शोभाताई पुऱ्यांचं ताट आणत म्हणाल्या. "यांची सीमा कळंबोलीला संपते. माणसात धाडसच नाही."

सगळे हसले. हा विनोद घरात अठ्ठावीस वर्षं चालत होता, लग्नामुंजीत पाहुण्यांपुढे हमखास निघायचा. प्रभाकररावही नेहमीसारखे हसले आणि त्यांनी भातावर वरण घेतलं.

जेवणं झाली. बळीराम पान लावत बसला, आशालतांचा डोळा लागला. आभाला या दिवशी लॉगबुकं वाचायची परवानगी असायची. ती पाटाशेजारी पोटावर पडून मोठ्यानं वाचू लागली.

"चौदा ऑगस्ट एकोणीसशे चौऱ्याऐंशी. पहाटे चार पस्तीस. मुलगा. तीन पॉइंट एक किलो. आई-बाळ नॉर्मल. आवाज अपेक्षेपेक्षा जास्त. बाबा, हा तू!"

"पुढं वाच," निनाद म्हणाला.

"तीन मार्च एक्याण्णव. अठरा दहा. शोभा रागावली. कारण अज्ञात. एकोणीस पंचेचाळीस, पूर्ववत." आभा खिदळली. "आजोबा, पूर्ववत कशी झाली?"

"बटाटेवडे आणले होते," प्रभाकरराव म्हणाले.

"अज्ञात म्हणे!" शोभाताई म्हणाल्या. "विचारलं असतंत तर ज्ञात झालं असतं."

आभानं मधली दोन रजिस्टरं ओलांडून एक उघडलं. "अकरा सप्टेंबर सत्त्याण्णव. एकोणीस वीस. भूतानची ऑर्डर परत करायचं ठरवलं. रिलीव्हर मिळाला नाही."

"आभा, ठेव ते आता," प्रभाकरराव एकदम म्हणाले.

बळीरामचा अडकित्ता थांबला. "रिलीवर मिलाला नाय? काय बोलता साहेब? कदम आला होता ना नागोठन्याचा! आठ दिस तुमच्या बाजूला बसून शिकला. पहिल्या तारखेपासून तोच बसनार होता तुमच्या जागेवर. मग तुमीच म्हनालात, मी जात नाय. कदम बिचारा रडकुंडीला आला, त्याचं प्रमोशन गेलं."

"जाऊ दे रे, बळीराम."

"जाऊ दे कसं? रिलीवर होता. आमी सगले साक्षीला हाव."

 प्रभाकररावांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला लागले. स्वच्छच होता तो.

शोभाताईंच्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो त्यांनी हळूच टेबलावर ठेवला. स्टेशनात रिलीव्हर होता. मग मिळाला नाही तो कुठला?

कंपनीच्या कॉलनीतलं दोन खोल्यांचं क्वार्टर त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. सासूबाईंचं अर्धं अंग लुळं पडलेलं, ऋचाला कांजिण्या, निनादची सहामाही. त्या सासूबाईंची चादर बदलत होत्या. प्रभाकरराव पाकीट घेऊन आले आणि दारातच उभे राहिले. "दोन वर्षांची ऑर्डर आलीय, भूतानची," एवढंच म्हणाले. दिवसभराचा शीण होता, तो जिभेवर आला. "मग जा की! सगळं माझ्याच भरवशावर ना? मी काय तुमच्या वहीत चार्ज घेतल्याची सही केलीय?"

बस, एवढंच. त्यानंतर तीन दिवस त्या वाट बघत होत्या, की हा माणूस जवळ बसेल आणि विचारेल, शोभा, जाऊ का, झेपेल का तुला? विचारलं असतं तर त्या तासभर रडल्या असत्या, दोन दिवस भांडल्या असत्या आणि तिसऱ्या दिवशी त्याचे लोकरीचे कपडे बांधायला घेतले असते. त्यानं विचारलं नाही. चौथ्या दिवशी सांगितलं, नको म्हणून कळवलं. शोभाताईंना तेव्हा हुश्श वाटलं होतं, आणि हुश्श वाटल्याची लाजही वाटली होती. त्या लाजेवर त्यांनी विनोद बांधला. माणसात धाडसच नाही. अठ्ठावीस वर्षं, चारचौघांत. आणि हा बाबा दर वेळी सगळ्यांबरोबर हसला.

त्यांना भडभडून आलं. राग आला की वाईट वाटलं, त्यांचं त्यांनाच कळेना. दोन्ही आलं आणि दोन्ही एकदमच आलं. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या.

मागोमाग चारुता उष्टी ताटं घेऊन आली. सिंकमध्ये ठेवताना तिनं घड्याळाकडे बघितलं. चार वाजायला पाच कमी होते.

"तुझं वय काय ग?" शोभाताईंनी विचारलं.

"अडतीस. का हो, आई?"

"मीही अडतीसचीच होते तेव्हा." त्यांनी नळ बंद केला. "मला का नाही विचारलंस?"

चारुता गोंधळली. "काय विचारणार, आई? विचारलं असतं तर तुम्ही 'जा' म्हणाला असतात. तुम्ही कधी कुणाला नाही म्हटलंय? ऑपरेशन परत पुढं ढकललं असतंत आणि लंगडत लंगडत सगळं केलं असतंत. म्हणूनच मी आणि निनादनं ठरवलं, की तुम्हाला विचारायचंच नाही."

"म्हणजे माझं 'हो' तूच म्हणालीस आणि माझं 'नाही'सुद्धा तूच म्हणालीस. मग मी कोण आहे घरात? देव्हाऱ्यातला बाळकृष्ण? त्याच्या पुढ्यात नैवेद्य दाखवायचा आणि आपणच खायचा?"

"तसं नव्हतं हो आई."

"तसंच होतं. तुझ्या सासऱ्यानं तेच केलं. मला जड जाईल म्हणून मला न विचारता स्वतःचं गुंडाळून ठेवलं, आणि वर मला सांगितलंही नाही. तुम्ही सगळी फार चांगली माणसं आहात ग, पण तुमच्या चांगुलपणाचा मला कंटाळा आलाय." शोभाताईंनी पदरानं डोळे पुसले. "आता विचार. नीट, सगळं सांगून. तुला का जायचंय?"

चारुता ओट्याला टेकली. आधी अडखळली, मग बोलत सुटली. धरण ज्या गावांच्या दारात आहे त्यातल्या तीन गावांत अजून वीज नाही. तारा त्यांच्या डोक्यावरून शहराकडे जातात. या तीन वर्षांत ती गावं जोडायचं ठरलंय आणि ते काम केंद्र प्रमुखाच्या हातात आहे. आणि तिथल्या सहा मुली ऑपरेटर व्हायला शिकतायत. फेब्रुवारीत त्यांतली एक तिला म्हणाली होती, तुम्ही परत याल का, तुम्ही मशीनकडे बोट दाखवण्याऐवजी आमचा हात त्याच्यावर ठेवता.

"हे बाबांनी शिकवलंय मला," चारुता म्हणाली. "आई, मला खूप जायचंय. आभाला सोडून जायचं म्हटलं की पोटात तुटतं, तरीही जायचंय. तुम्ही घराचा चार्ज घ्याल?"

"नाही," शोभाताई म्हणाल्या.

चारुतानं मान खाली घातली.

"अशी तोंडी चार्ज देतात का ग कुठं? एवढी इंजिनियर तू! चल बाहेर. अहो, चालू वही काढा. आणि पेन लिहितंय ना बघा."

हॉलमध्ये एकच धांदल उडाली. आशालतांना जाग आली. शोभाताई पाटाजवळच्या खुर्चीत अशा बसल्या, की प्रभाकररावांना क्षणभर आपले जुने शिफ्ट इन्चार्ज आठवले असावेत, ते उभेच राहिले.

"पहिली गोष्ट," शोभाताई म्हणाल्या. "माझा गुडघा वीस नोव्हेंबरला म्हणजे वीस नोव्हेंबरलाच. प्रत्यक्ष यम आला तरी त्याला एकवीसची तारीख द्या."

"मग एक डिसेंबरला वहिनी जाणार कशी?" ऋचा म्हणाली.

उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आलं. "जॉइनिंगला मुदत मागता येते," प्रभाकरराव हळूच म्हणाले. "सहा आठवड्यांपर्यंत. कंपनीच्या नियमात आहे. घरातलं ऑपरेशन हे कारण चालतं. एक जानेवारी माग."

"बाबा, हे तुम्ही मघाशी का नाही सांगितलंत?"

"मघाशी रिलीव्हर नव्हता."

मग सगळ्यांना कंठ फुटला. ऑपरेशननंतरचे पंधरा दिवस ऋचानं घेतले आणि ते घेताना ती जरा ओशाळली. आशालता म्हणाल्या, मी वीस नोव्हेंबरला येते ती संक्रांतीचे तिळगूळ खाऊनच जाते, उरणला काय माझी गाय हंबरतेय? बळीराम म्हणाला, "आमची दिपिका, प्रनितची बायको, फिजिओ हाय. रोज घरी यील. वयनींना पल्यायला लावील." निनाद कोपऱ्यात उभा होता. त्याला शोभाताईंनी बोटानं पुढं बोलावलं.

"सकाळची शिफ्ट तुझी. चहा, डबा, आभाची शाळा. उद्यापासून माझ्या बाजूला उभं राहून शिकायचं, त्या कदमासारखं. शिट्ट्या मोजायला आल्याशिवाय मी तुझी सही घेणार नाही."

"येतील, आई," निनाद म्हणाला. मग तो चारुताकडे वळला. "मघाशी माघार घेतली मी. चुकलं."

"हो, चुकलं," चारुता म्हणाली, पण हसली.

"आणि आभाला कोणी विचारलंय का?" शोभाताई म्हणाल्या.

कोणीच विचारलं नव्हतं. सगळे आभाकडे बघू लागले. तिनं थोडा विचार केला. "मला रडू येईल. पण रोज नाही येणार. आणि मे महिन्यात मला जिराफ बघायचाय. खरा."

"लिही," शोभाताईंनी सुनेला सांगितलं. "जिराफ, मे महिना. हा कबूल केलेला मुद्दा आहे."

चारुतानं रीतसर चार्ज लिहून काढला. आभा, गुरुवारी चित्रकला, शनिवारी पोहणं, खोकला वाढला तर पंप वरच्या खणात. बाबा, रक्तदाबाची गोळी सकाळी. विसरलो म्हणाले तर आधी पाकीट तपासावं. निनाद, रागावला की बोलत नाही, विचारावं लागतं.

"माझंही?" निनाद म्हणाला.

"सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं मशीन तेच आहे," आशालता म्हणाल्या.

खाली शोभाताईंनी चष्मा लावून लिहिलं: "चार्ज घेतला. शोभा प्रभाकर रिसबूड. १६:५०. अट: गुडघा, २० नोव्हेंबर." आयुष्यात पहिल्यांदाच या वहीत त्यांचं अक्षर उमटत होतं. बाकी सतरा रजिस्टरांत त्या फक्त रागावल्या आणि पूर्ववत झाल्या होत्या.

चारुतानं नकाराचा मेल पुसून दुसरा लिहिला. पाच वाजून बारा मिनिटांनी उत्तर आलं. एक जानेवारी मंजूर होती, आणि शेवटी एकच स्वाहिली शब्द होता, 'करिबू'.

"म्हणजे काय?" आभानं विचारलं.

"म्हणजे, या," चारुता म्हणाली आणि सासूच्या गळ्यात पडून रडली. शोभाताईंनी तिला रडू दिलं. निनाद उगीचच म्हणत राहिला, की विमानतळ तर आता इथं पनवेललाच होतोय, रिक्षानं जाता येईल. बळीराम आपट्याची पानं वाटत सुटला.

त्या गडबडीत शोभाताईंनी पाटावरचं सत्त्याण्णव सालचं रजिस्टर उचललं. पान सापडायला वेळ लागला नाही. शाई फिकी पडली होती, पण ते रेखीव, तिरकं अक्षर ओळखीचं होतं. *रिलीव्हर मिळाला नाही.* त्याच्याखाली अर्धी ओळ कोरी होती.

"शोभा, जुन्या नोंदीत खाडाखोड करत नाहीत," प्रभाकरराव जवळ येऊन हळूच म्हणाले.

"खाडाखोड नाही करत. नियमानं लिहितेय."

त्यांनी लिहिलं आणि वही नवऱ्यासमोर धरली. प्रभाकररावांनी वाचलं.

"रिलीव्हर अठ्ठावीस वर्षं उशिरा आला. कारण: विचारलंच नव्हतं."

प्रभाकररावांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. शोभाताईंना पुढचं नीट दिसेना.

"चारचौघांत मी तुम्हाला नाही नाही ते बोलले," त्या म्हणाल्या. "धाडस नाही म्हणाले. आता नाही म्हणणार कधी. माझं चुकलं हो."

"तुझं काय चुकलं? तू खरंच म्हणत होतीस. भूतानला जायचं धाडस होतं ग माझ्यात. तुला विचारायचं धाडस नव्हतं." ते थांबले. खिशातलं आपट्याचं पान काढून त्यांनी तिच्या हातात ठेवलं. "मेमध्ये आभाला जिराफ दाखवायला कुणीतरी न्यावं लागेल. तोवर गुडघाही बरा असेल. येशील माझ्याबरोबर? विचारतोय."

शोभाताईंनी चालू वही आणि पेन त्यांच्याकडे सरकवलं.

"आधी नोंद करा," त्या म्हणाल्या. "विचारलं म्हणून. वेळेसकट."

प्रभाकररावांनी घड्याळात बघितलं आणि लिहायला घेतलं.